पीएच.डी.च्या पुढची पायरी

डिसेंबर २०२३ मध्ये विधान परिषदेत संशोधक विद्यार्थ्यांच्या अधिछात्रवृत्त्यांची चर्चा चालू असताना राज्याच्या तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी, पीएच.डी. करून ही मुले काय दिवे लावणार आहेत, अशा आशयाचा प्रश्न विचारला. त्यावर वादळ उठले, निषेधाची पत्रके निघाली आणि रिवाजाप्रमाणे काही दिवसांनी सारे शमलेही. प्रश्नातील उपरोध रुचण्यासारखा नव्हताच. परंतु तो बाजूला सारला, तर उरणारा प्रश्न उत्तर देण्याजोगा आहे आणि त्या गदारोळात नेमके उत्तरच राहून गेले. सार्वजनिक पैशातून संशोधक पोसायचे, तर समाजाच्या पदरात काय पडते, हे विचारण्याचा अधिकार करदात्याला निश्चितच आहे.

भौतिक विज्ञानांपुरते बोलायचे, म्हणजे पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र, खगोलशास्त्र आणि भूविज्ञान यांपुरते, तर या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. पीएच.डी. ही या क्षेत्रांत संशोधनाची परिसमाप्ती नसून उमेदवारीची अखेर होय. दिवा लागायचा तो त्यानंतरच्या तीन-चार वर्षांत लागतो. महाराष्ट्राने ग्रामीण, दलित, आदिवासी, भटक्या आणि इतर मागास घरांतील मुलामुलींसाठी वात वळण्यापुरता खर्च केला. तेल ओतण्याची वेळ आली तेव्हा मात्र हात आखडता घेतला. मग उजेड का पडत नाही, असे विचारणे रास्त नव्हे. पीएच.डी.नंतरच्या संशोधनासाठी, आणि तेही भौतिक विज्ञानांत आजवर ज्यांचा पाय ठरला नाही अशा समाजगटांसाठी, राज्याने स्वतंत्र अधिछात्रवृत्ती सुरू करणे हा या प्रश्नाचा खरा निकाल आहे.

उमेदवारीनंतरची वर्षे

पीएच.डी.चा विद्यार्थी सामान्यतः मार्गदर्शकाच्या विषयावर, मार्गदर्शकाच्या उपकरणांवर आणि त्याच्याच पद्धतीने काम करतो. त्यात गैर काही नाही. सुताराच्या हाताखाली शिकणारा पोरगाही आधी गुरूचाच रंधा हाती धरतो. परंतु स्वतंत्र वैज्ञानिक व्हायचे, तर स्वतःचा प्रश्न स्वतः मांडावा लागतो, दुसऱ्या प्रयोगशाळेत जाऊन दुसरी रीत आत्मसात करावी लागते आणि जिथे आपली ओळख नाही अशा ठिकाणी आपले म्हणणे पटवून द्यावे लागते. जगभर यासाठी दोन ते चार वर्षांचा काळ गृहीत धरला जातो. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, पुण्यातील 'आयुका' किंवा 'आयसर' यांसारख्या संस्था अध्यापक निवडताना या वर्षांतील कामगिरीकडेच प्रामुख्याने पाहतात. ज्याला ही वर्षे लाभली नाहीत, त्याला त्या दाराशी उभेही राहता येत नाही.

मराठी माणसाला परिचित असे उदाहरण डॉ. जयंत नारळीकरांचे आहे. त्यांना १९६३ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. त्याच वर्षी ते किंग्ज महाविद्यालयाचे फेलो झाले आणि १९७२ मध्ये टाटा संस्थेत रुजू होईपर्यंत ते केंब्रिजमध्येच होते. फ्रेड हॉइल यांच्यासमवेत त्यांनी मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत १९६४ चा, म्हणजे या काळातला. नारळीकरांचे वडील बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे विभागप्रमुख होते. घर ग्रंथांनी आणि विद्वानांनी भरलेले होते. अशा घरातील, अशा असामान्य बुद्धीच्या माणसालाही स्थिर होण्यासाठी आणि बहरण्यासाठी पीएच.डी.नंतर नऊ वर्षांचे निर्वेध वातावरण मिळाले. मग ज्याच्या घरात पदवीचा कागदच पहिल्यांदा आला, त्याने पीएच.डी. हाती पडल्याच्या दुसऱ्या दिवसापासून स्वतःच्या हिमतीवर उभे राहावे, ही अपेक्षा कोणत्या न्यायाने करायची?

दुसरे उदाहरण बंगालचे असले, तरी त्याचा एक धागा मुंबईशी जुळलेला आहे. मेघनाद साहा यांचा जन्म १८९३ मध्ये ढाक्याजवळच्या खेड्यात, एका छोट्या दुकानदाराच्या घरी झाला. शिक्षण दुसऱ्यांच्या आश्रयाने झाले. कलकत्त्याच्या वसतिगृहात जातीवरून अपमान सोसावे लागले. १९१९ मध्ये त्यांनी कलकत्ता विद्यापीठाची डी.एससी. मिळवली. येथे गाडी थांबली असती, तर साहा हे एका विद्यापीठातले एक हुशार अध्यापक म्हणून विस्मृतीत गेले असते. परंतु प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती आणि प्रवासवृत्ती यांच्या बळावर ते युरोपात गेले. लंडनमध्ये आल्फ्रेड फाउलर यांच्या प्रयोगशाळेत ताऱ्यांच्या वर्णपटांची अद्ययावत माहिती त्यांच्या हाती आली आणि १९२१ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा तो प्रबंध प्रसिद्ध झाला, ज्यामुळे ताऱ्यांची तापमाने त्यांच्या प्रकाशावरून वाचता येऊ लागली. ही शिष्यवृत्ती ठेवणारे प्रेमचंद रायचंद म्हणजे मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा ज्यांच्या देणगीतून उभा राहिला तेच व्यापारी. मनोरा डोळ्यांना दिसतो; शिष्यवृत्तीतून उभे राहिलेले ज्ञान दिसत नाही, इतकाच काय तो फरक.

चकलांब्याहून निघणारी वाट

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील चकलांबा या गावाकडून ही वाट कशी दिसते, हे पाहणे उद्बोधक ठरेल. गोदावरी या तालुक्याच्या कडेने वाहते, पण तालुक्याचा मोठा भाग पावसाच्या लहरीवर जगतो. दिवाळी सरली की जिल्ह्यातील हजारो कुटुंबे कोयते घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मागे राहणारी मुले आजी-आजोबांच्या किंवा हंगामी वसतिगृहांच्या आधाराने शाळा टिकवतात, पुष्कळांची ती टिकतही नाही. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलांमागे केवळ ८०७ मुली होत्या. म्हणजे मुलीच्या बाबतीत शाळेचा प्रश्न नंतरचा. जन्माचाच प्रश्न आधी होता.

अशा गावातून एखादी मुलगी विज्ञान शाखेला गेली, गेवराईला किंवा बीडला बी.एससी. झाली, छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातून तिने पदार्थविज्ञानात एम.एससी. केले, पात्रता परीक्षा पार केली आणि पाच-सहा वर्षे झटून पीएच.डी. मिळवली, असे समजा. तिचे वय तेव्हा तिशीला टेकलेले असते. घरी धाकट्या भावंडांची शिक्षणे आणि वडिलांचे कर्ज असते. लग्नाचा विषय रोजचा झालेला असतो. समोर दोन वाटा असतात. एक, जवळच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवण्याची, जिथे सुट्टीतले मानधनही मिळत नाही. दुसरी, पुण्याच्या, बंगळुरूच्या किंवा परदेशातल्या प्रयोगशाळेत दोन-तीन वर्षे काम करण्याची. दुसऱ्या वाटेसाठी शिफारसपत्र लागते, तेही अशा नावाचे, की जे तिकडच्या प्राध्यापकाने ऐकलेले असावे. अर्ज केल्यापासून निकालापर्यंतचे सात-आठ महिने घर चालवण्याइतकी पुंजी लागते. बुद्धीची कमतरता नसताना केवळ या दोन गोष्टींच्या अभावी पहिली वाट धरली जाते. तिने शिकलेले विज्ञान वाया जाते असे नव्हे, शिक्षकाचे काम थोरच आहे. पण तिचा स्वतःचा प्रश्न कायमचा मांडायचा राहून जातो.

येथे इतिहासाची जाणीव ठेवली पाहिजे. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि पदवीच्या शिक्षणासाठी येथील विद्यार्थ्याला हैदराबादची किंवा दूरच्या इंग्रजी मुलखाची वाट धरावी लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले ते १९५० मध्ये. मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले १९५८ मध्ये. मुंबई विद्यापीठ १८५७ चे. या शंभर वर्षांच्या अंतराचे व्याज येथील तिसरी-चौथी पिढी अजून फेडत आहे.

योजना आहेत, पण कुठपर्यंत?

राज्य शासन काहीच करीत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. अनुसूचित जातींसाठी 'बार्टी', मराठा व कुणबी समाजासाठी 'सारथी', इतर मागास वर्ग आणि भटक्या-विमुक्तांसाठी 'महाज्योती' या संस्था संशोधनाला अर्थसाहाय्य देतात आणि त्यांच्यामुळे ज्यांच्या घरात कोणी महाविद्यालय पाहिले नव्हते, असे कितीतरी तरुण संशोधनाकडे वळले. परंतु या अधिछात्रवृत्त्यांचा सारा रोख पीएच.डी.वर आहे. शिवाय ती रक्कमदेखील पूर्ण मिळावी, नोंदणीच्या तारखेपासून मिळावी, यासाठी २०२३ आणि २०२४ मध्ये संशोधकांना वारंवार आंदोलने करावी लागली. प्रयोगशाळेत असावयाचे हात फलक धरून मैदानात बसले, ही बाब राज्याला भूषणावह नव्हती.

या तीन संस्थांना ज्यांची नावे दिलेली आहेत, त्यांच्या चरित्रातच या प्रश्नाचा धडा आहे. बाबासाहेबांना १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते कोलंबिया विद्यापीठात गेले. लंडनमधील अभ्यास अर्ध्यावर असताना मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयातील पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि एका मित्राचे कर्ज यांच्या जोरावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डी.एससी. झाले. मधली तीन वर्षे त्यांना केवळ पैशापायी गमवावी लागली. आंबेडकर ती तूट भरून काढू शकले, कारण ते आंबेडकर होते. राज्याची योजना मात्र असामान्यांच्या जिद्दीवर विसंबून आखता येत नाही. ती सामान्य हुशारीच्या आणि प्रामाणिक कष्टांच्या माणसासाठी आखावी लागते.

केंद्राकडे पाहावे, तर चित्र संमिश्र आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००६-०७ पासून अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी पीएच.डी.नंतरच्या अधिछात्रवृत्त्या सुरू केल्या होत्या. ५ सप्टेंबर २०२२ रोजी आयोगाने डॉ. राधाकृष्णन यांच्या नावे ९०० जागांची, दरमहा ५० हजार रुपयांची आणि ३० टक्के जागा महिलांसाठी ठेवणारी योजना घोषित केली. परंतु ती सर्व विद्याशाखांना मिळून आहे. अल्पसंख्याक समाजांतील संशोधकांसाठी असलेली मौलाना आझाद अधिछात्रवृत्ती २०२२ च्या अखेरीस बंद करण्यात आली. विज्ञानापुरते पाहायचे, तर केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची 'इन्स्पायर फॅकल्टी' ही योजना सर्वांत मानाची. 'नेचर' या नियतकालिकाने जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार २०१६ ते २०२० या काळात तिचे सुमारे ८० टक्के मानकरी उच्चवर्णीय होते. अनुसूचित जातींचे ६ टक्के आणि अनुसूचित जमातींचे एक टक्क्याहूनही कमी. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशाच्या लोकसंख्येत या दोन वर्गांचे प्रमाण अनुक्रमे १६.६ आणि ८.६ टक्के आहे. दार सर्वांना उघडे आहे असे म्हणायचे आणि आत कोण पोहोचले ते मोजायचे नाही, हा व्यवहार या आकड्यांपुढे टिकत नाही.

गुणवत्तेचा आक्षेप

यावर एक आक्षेप हमखास येतो. विज्ञानाला जात नसते, प्रांत नसतो, स्त्री-पुरुष भेद नसतो. तेव्हा अधिछात्रवृत्ती केवळ गुणवत्तेवर द्यावी, असे म्हटले जाते. आक्षेप घेणाऱ्यांचा हेतू वाईट असतोच असे नाही. निसर्गाच्या नियमांना जात नाही, हे खरेच आहे. परंतु ते नियम शोधण्याच्या कामावर कोणी बसायचे, हे मात्र समाज ठरवीत आला आहे.

याचा जुना पुरावा महाराष्ट्रातच आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे शके ११२८ च्या सुमाराचा एक शिलालेख असून त्याचा काही भाग मराठीत आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केला आणि निकुंभ घराण्याच्या सत्ताधीशांनी त्याला उत्पन्ने लावून दिली, असे त्यात नमूद आहे. मराठी मुलखातील ज्योतिर्गणिताच्या संशोधनाला मिळालेले हे एक आद्य अनुदान म्हणता येईल. त्यातून दोन गोष्टी दिसतात. संशोधनाला राजाश्रय लागतो, हे बाराव्या-तेराव्या शतकातही मान्य होते. आणि ती विद्या पित्याकडून पुत्राकडे, पुत्राकडून नातवाकडे, अशी एकाच घरात उतरत होती. घराण्याने जे दिले, म्हणजे ग्रंथ, गुरू, फुरसत आणि राजदरबारी ओळख, तेच आज अधिछात्रवृत्तीने द्यायचे आहे. ती गुणवत्तेला पर्याय नाही. गुणवत्ता दिसू लागेपर्यंतचा वेळ विकत घेण्याचे ते साधन आहे.

शिवाय 'गुणवत्ता' ओळखणाऱ्यांची दृष्टी नेहमीच निर्दोष असते, असे इतिहास सांगत नाही. मुंबई विद्यापीठाच्या बी.एससी. परीक्षेत अग्रस्थानी आलेल्या कमला भागवत यांना १९३३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रथम प्रवेश नाकारला गेला तो त्या स्त्री होत्या म्हणून, आणि नाकारणारे होते साक्षात सर चंद्रशेखर व्यंकट रामन. आग्रहाअंती एक वर्षाच्या परीक्षाधीन अटीवर प्रवेश मिळाला. पुढे याच कमला सोहोनी केंब्रिजहून १९३९ मध्ये विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. रामन यांच्यासारख्या द्रष्ट्या वैज्ञानिकाची नजर जिथे चुकली, तिथे सामान्य निवड समित्यांची नजर चुकणार नाही, असे धरून चालणे धाडसाचे होय.

परदेशांतील अनुभव

हा विचार केवळ भारतीय राजकारणातून उपजला आहे, असाही समज आहे. तो खरा नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाने महिला आणि अल्पसंख्य समाजांतील पीएच.डी.धारकांना अध्यापक होण्यास साह्य करणारी अधिछात्रवृत्ती १९८४ मध्येच सुरू केली. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने २०२१ मध्ये खास गणित आणि भौतिक विज्ञानांसाठी अशीच योजना आणली. तिथल्या कृष्णवर्णीय, लॅटिन अमेरिकी वंशाच्या आणि मूलनिवासी तरुणांची या शाखांतील संख्या नगण्य होती, हे त्यामागचे कारण. २०२५ मध्ये तिथल्या नव्या प्रशासनाने विविधतेच्या कार्यक्रमांवरच कुऱ्हाड चालवली आणि असे अनेक प्रकल्प अर्ध्यावर रद्द झाले. सत्तापालटाबरोबर उडून जाणारी योजना ही संशोधकाच्या आयुष्याशी खेळ ठरते, हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

ब्रिटनमधील उदाहरण याहून बोलके आहे. जोसलिन बेल बर्नेल यांनी १९६७ मध्ये विद्यार्थिदशेतच स्पंदक ताऱ्यांचा म्हणजे पल्सारचा शोध लावला. त्यासाठीचे १९७४ चे नोबेल मात्र त्यांच्या मार्गदर्शकांना दिले गेले. २०१८ मध्ये त्यांना तीस लाख डॉलरचा पुरस्कार मिळाला, तेव्हा तो सगळा पैसा त्यांनी पदार्थविज्ञानात ज्यांची संख्या अल्प आहे अशा गटांतील संशोधक विद्यार्थ्यांसाठी देऊन टाकला. केंब्रिजमध्ये परकेपणा वाटत असल्यामुळेच आपण प्रत्येक नोंद अधिक काळजीने तपासली आणि इतरांनी दुर्लक्षिला असता असा तो बारीकसा ठिपका आपल्याला दिसला, असे त्या सांगत आल्या आहेत. वेगळ्या घरातून आलेला माणूस वेगळे पाहतो, आणि विज्ञानाची प्रगती वेगळे पाहण्यावरच होते. प्रतिनिधित्व हा न्यायाचा मुद्दा तर आहेच. पण तो विज्ञानाच्या हिताचाही आहे.

औंढ्याची वेधशाळा आणि मराठवाडा

हा प्रश्न आजच निकडीचा का, याचे कारण मराठवाड्याच्या भूमीवरच उभे राहत आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये अंतिम मान्यता दिली. सुमारे २६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पात एकमेकींशी काटकोन करणाऱ्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या असतील. दूरच्या अवकाशात दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली, की त्या नळ्यांच्या लांबीत अणूच्या केंद्रकाहूनही सूक्ष्म असा फरक पडतो, तो लेसर किरणांच्या साह्याने टिपायचा. 'आयुका'मध्ये संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा लहरी गोंगाटातून वेचण्याच्या गणिती पद्धतींवर केलेल्या कामाचा या शास्त्राला मोठा आधार मिळाला आहे. भूकंपीय हालचाल कमी असलेली जमीन हवी होती. ती मराठवाड्याने दिली.

जमीन मराठवाड्याची, पण माणसे कोणाची, हा आता खरा प्रश्न आहे. या दशकाच्या अखेरीस वेधशाळा सुरू होईल तेव्हा तिला लेसर, निर्वात तंत्र, काच व आरसे, संगणन आणि खगोलशास्त्र जाणणारे, पीएच.डी.नंतर अनुभव घेतलेले संशोधक लागतील. असा संशोधक एका वर्षात तयार होत नाही. आज एम.एससी.ला बसलेला विद्यार्थी त्या कामास योग्य व्हायला आठ-नऊ वर्षे लागतात. बीड, परभणी, हिंगोली, धाराशिव येथील मुलामुलींसाठी मधली पायरी आजच बांधली नाही, तर फाटकावरचा पहारेकरी आणि उपाहारगृहातला आचारी स्थानिक, वैज्ञानिक मात्र बाहेरचे, असे दृश्य पाहण्याची पाळी येईल. जुन्नर तालुक्यात खोडदला १९९० च्या दशकात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण उभी राहिली. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या दूरदृष्टीमुळे जगभरचे खगोलज्ञ तिथे येतात. तिच्या पंचक्रोशीतून किती खगोलज्ञ निघाले, याचा हिशेब मराठवाड्याने वेळीच मनाशी मांडावा.

काय करता येईल?

पैशाचा बाऊ करण्याचे कारण नाही. केंद्राने १ जानेवारी २०२३ पासून ठरवलेल्या दरांत पीएच.डी.नंतरच्या संशोधन सहयोग्याचे कमाल मानधन दरमहा ६७ हजार रुपये आहे. राज्याने दरवर्षी पन्नास जणांना तीन वर्षांसाठी या दराने अधिछात्रवृत्ती दिली, तर तिसऱ्या वर्षापासून एका वेळी दीडशे संशोधक असतील. मानधनाचा वार्षिक खर्च सुमारे १२ कोटी रुपये आणि प्रत्येकी दोन लाखांचे प्रयोगखर्चाचे अनुदान धरले, तर आणखी तीन कोटी. घरभाडे भत्ता वेगळा धरला, तरी राज्याच्या अंदाजपत्रकात भिंग लावून शोधावा लागेल, असा हा आकडा आहे.

मात्र योजना आखताना काही पथ्ये पाळावी लागतील. वयाची अट जन्मतारखेपासून न मोजता पीएच.डी. मिळाल्यापासून मोजावी, ऊसतोडीच्या हंगामाने ज्याची शाळेतली दोन वर्षे गेली किंवा बाळंतपणामुळे जिच्या कामात खंड पडला, त्यांना त्यासाठी शिक्षा होता कामा नये. निवड करताना जातीबरोबरच जिल्हा, घरातील शिक्षणाची पहिली पिढी आणि स्त्रीत्व यांचाही विचार व्हावा. पहिली दोन वर्षे राज्यातील राष्ट्रीय दर्जाच्या संस्थेत आणि तिसरे वर्ष मराठवाडा, विदर्भ किंवा खानदेशातील विद्यापीठात, अशी रचना केली, तर शिकलेले कसब परत मातीत रुजेल. मानधन दर महिन्याच्या ठरलेल्या दिवशी मिळावे. अधिछात्रवृत्ती थकणे म्हणजे अधिछात्रवृत्ती नाकारणेच होय. आणि ही तरतूद शासन निर्णयाच्या कागदावर न ठेवता कायद्याने स्थापिलेल्या निधीत ठेवावी, म्हणजे मंत्री बदलला तरी संशोधकाचे काम बंद पडणार नाही.

अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वेला १९९५ च्या सुमारास मंजुरी मिळाली. आष्टीपर्यंत गाडी आली २०२२ मध्ये आणि बीडला ती पोहोचली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तीस वर्षे बीडकरांनी अर्ध्यावर थांबलेल्या रुळांकडे पाहिले. रुळांच्या बाबतीत उशिरा का होईना, गाडी येते. प्रवासी तिची वाट पाहत थांबतात. संशोधनात तसे होत नाही. पीएच.डी. झालेला तरुण तीस वर्षे थांबत नाही. तो तीन महिन्यांत मिळेल ती नोकरी धरतो आणि त्याचा विषय त्याच्याबरोबर मिटतो. राज्याच्या येत्या अंदाजपत्रकात या पंधरा-सोळा कोटींची तरतूद होते की नाही, यावरून शासन या मुलांकडे कसे पाहते ते कळेल. मराठवाड्यातील आमदारांनी पक्षभेद विसरून तेवढा आग्रह धरावा, आणि शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी त्यांना तो धरायला लावावा.